अस्कालेने ठेवलेला पेला

१

कॉफीचा पेला पारखायचा तर डोळे मिटून घ्यावेत, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. रंग, सोनेरी कड, फुलांची नक्षी, हे सगळं फसवतं. पेला तळहातावर ठेवायचा आणि कडेला नखाने टिचकी मारायची. साबूत पेला लांबवर बोलत राहतो. आतून तडकलेला पेला, वरून कितीही देखणा असला तरी, ‘टक्’ म्हणतो आणि गप्प होतो.

ही विद्या मला कोणी शिकवली नाही. गुरागे मुलखातून मी अनवाणी आदिस अबाबाला आलो, तेव्हा रिकामे डबे आणि बाटल्या गोळा करत गल्लोगल्ली ओरडत हिंडायचो. माझी शाळा तीच. पुढे बाजारात पेल्यांचं दुकान टाकलं. एकदा एका मोठ्या घरच्या बाई लग्नासाठी सहा डझन पेले न्यायला आल्या, तर मी सगळेच्या सगळे वाजवून दाखवले. बाई म्हणाल्या, “अमेर्गा, तू व्यापारी आहेस की देवळातला घंटा वाजवणारा?” मी म्हटलं, “बाई, घंटा वाजवणाऱ्याला तडकलेली घंटा दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही, मला येते. म्हणून आधी वाजवून दाखवतो.” हसत हसत आठ डझन घेऊन गेल्या.

असा मी बडबड्या माणूस. पण माझी एक गोष्ट बाजारात विचित्र म्हणून सांगतात, आणि ती खरी आहे. दुसऱ्याच्या घरी मी कॉफीचे तिन्ही पेले घेतो. स्वतःच्या घरात मात्र मी तिसरा पेला घेत नसे. तीस वर्षं तसंच चाललं.

आमच्याकडे कॉफीत मीठ घालतात आणि ती तीनदा ओततात. जबनेत, म्हणजे त्या लांब मानेच्या काळ्या मातीच्या भांड्यात, त्याच भुकटीवर पुन्हा पुन्हा पाणी चढवतात. पहिला पेला कडक असतो आणि दुसरा गप्पांचा. तिसरा अगदी फिका, पण आशीर्वाद त्याच्यात असतो. तो घेतल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नाही. आणि घरधनी उठला की बाकीच्यांनाही बसून राहता येत नाही. माझी चूक झाली ती इथे.

२

ती सकाळ मला कालच्यासारखी आठवते. त्याला आता चाळीस वर्षं झाली. हिदार महिना होता, पाऊस संपून ऊन कोवळं झालं होतं. माझी बायको अस्काले तेव्हा बावीस वर्षांची. तिने जमिनीवर ताजं गवत पसरलं होतं, आणि त्याचा ओला वास, लोबानाचा धूर आणि भाजलेल्या बियांचा वास असे तिन्ही मिळून खोलीत एक चौथाच वास झाला होता. तो मला पुन्हा कुठे मिळाला नाही. तशा बिया आणल्या, तसंच गवत आणलं, तरी नाही.

बसलो होतो पाच जण. मी, अस्काले, तिची धाकटी बहीण मुलू, शेजारचा जीनगर बिराटू, आणि समोरच्या घरातल्या तिरुये आजी. आजींना कुठलीच गोष्ट पसंत पडत नसे.

“मीठ कमी आहे,” आजी म्हणाल्या.

“आजी, पहिल्या पेल्याला तुम्ही खारट म्हणालात,” अस्काले म्हणाली.

“पहिल्याला होतंच खारट. आता कमी आहे. तुझी सासू असती तर तुला हात धरून शिकवलं असतं.”

“सासूबाई असत्या तर तुमच्याकडे बघून मीठच लपवून ठेवलं असतं.”

बिराटूदादा हसता हसता ठसकला. मुलू भाजलेल्या जवाचे दाणे हवेत उडवून तोंडात झेलत होती, त्यातला एक नेमका आजींच्या पेल्यात पडला. निळ्या कडेचे सहा पेले होते ते, माझ्या दुकानातले अगदी पहिले. त्यातल्या माझ्या पेल्याला केसाएवढा तडा होता, म्हणून तो विकायचा नव्हता. व्यापारी माणूस घरात नेहमी खोट असलेलाच माल वापरतो.

दुसरी फेरी झाली. अस्कालेने तिसऱ्या फेरीचं पाणी चढवलं. तेवढ्यात फाटकातून हमालाची हाक आली.

“अमेर्गा! पेटी आली!”

जिबुतीहून आगगाडीने येणारी माझी पहिली मोठी पेटी. चार महिने वाट पाहिली होती. मी ताडकन उठलो.

“अहो, पाणी चढलंय,” अस्काले म्हणाली. “एक पेला घ्या आणि जा. पेटी काय पळून जातेय?”

“ठेव गं, येऊन घेतो.”

मी उठल्यावर बाकीचेही उठले. बिराटूदादा पेटीला हात लावायला आला, मुलू नवे पेले बघायला धावली, आजी कुरकुरत, काठी टेकत मागून आल्या. पेटी उचलताना दादा माझ्या कानाशी पुटपुटला, “अरे, एवढी जड कशी? आत माणूसबिणूस झोपलाय की काय?” हे फक्त मी ऐकलं. हमाल खोकत होता. पेटीतला पेंढा आम्ही सगळ्यांनी हातांनी उपसला.

मी परत आत जाऊन तो पेला घेतला नाही. पेले मांडण्यात दिवस कसा गेला ते कळलंच नाही.

३

पंधरा दिवसांत ते तिघेही गेले. आधी मुलू, मग आजी, मग बिराटूदादा. श्वासाचा ताप होता. शहरात खड्डे खणायला माणसं उरली नाहीत. लोक म्हणाले, हवा वाईट झाली आहे, कचरा जाळा. म्हणून सगळ्यांनी दारोदारी ढीग पेटवले. आजही हिदारच्या बारा तारखेला अख्खं शहर कचरा जाळतं आणि डोळे चोळतं. पोरांना ती मजा वाटते. त्या वर्षी मी आमच्या दारातल्या आगीत गवत टाकलं, चटया टाकल्या, आणि ते निळ्या कडेचे सहाही पेले दगडावर फोडून टाकले. आजारी माणसांचे ओठ त्यांना लागले होते. माझ्या हाताने फोडले, हे लक्षात ठेवा.

अस्कालेला बारा दिवस ताप होता. तेराव्या दिवशी तिने डोळे उघडले आणि आमच्या मुलखातली कोचोची भाकरी मागितली. मी शेगडीपाशी बसून लहान मुलासारखा रडलो. मला वाटलं, देवाने आपल्याला वगळलं.

४

आठ महिने सगळं ठीक होतं. मग एका दुपारी ती कॉफी ओतत होती. समोर मी एकटाच होतो. तिने जबना उचलली, तिरकी केली, आणि थांबली.

मला वाटलं, काहीतरी आठवलं असेल. मी बोलत राहिलो. दुकानाच्या गोष्टींत मला समोरच्याचं भान राहत नाही, हे ती नेहमी म्हणायची. मग मला खोलीतला आवाज वेगळा वाटला. कसला आवाज, ते आधी कळेना. नंतर कळलं की आवाज नव्हता, हाच फरक होता. जबनेची मान पेल्यावर झुकलेली होती, भांडं भरलेलं होतं, आणि पेल्यात काही पडत नव्हतं. एक थेंबही नाही.

“अस्काले?”

तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे, माझ्या डाव्या बाजूला होती. मुलू तिथे बसायची. हात दगडासारखा स्थिर. जड भांडं असं धरून मला शंभर आकडेसुद्धा मोजता आले नसते. कोळसे राख होईपर्यंत ती तशीच होती. मग कॉफी वाहू लागली, आणि ती म्हणाली, “...आणि मग त्या गिऱ्हाइकाने काय केलं?” मी कधीच्या काळी अर्धवट सोडलेल्या गोष्टीतलं ते गिऱ्हाईक होतं.

मी जबना बाहेर उजेडात नेऊन तपासली. मानेत गाळणीसाठी घोड्याच्या केसांचा बोळा असतो, त्यात भुकटी अडकली असेल. बोळा काढून पाहिला. होतीच थोडी अडकलेली. मी स्वतःला म्हटलं, बघ, झालं समाधान. व्यापाऱ्याला कारण लागतं. ते मिळालं की तो दुकान उघडतो.

५

परदेशी डॉक्टर होता एक, लाल दाढीचा, भला माणूस. त्याने अस्कालेच्या डोळ्यांत दिव्याचा झोत टाकला, गुडघ्यावर ठोकलं, तिला सरळ रेषेत चालवलं.

“या तापातून उठलेल्या काही जणांना पुढे असं होतं,” तो म्हणाला. “ताप छातीतून जातो, पण मेंदूत खोल कुठेतरी सूज ठेवून जातो. माणूस मध्येच थिजतं. झोप येत नाही, किंवा येते ती संपत नाही. औषध अजून सापडलेलं नाही.”

“म्हणजे पेला वरून साबूत, आतून तडकलेला,” मी म्हटलं.

“तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत.”

मला त्याचं पटलं. आजही पटतं. मी अडाणी असेन, खुळा नाही. पण घरी येताना अस्काले माझ्या दंडाला धरून हसत म्हणाली, “केवढा ठोकला हो त्याने गुडघा! तुमच्यासारखाच. मला वाजवून बघत होता.”

“अगं, तू थिजतेस तेव्हा कुठे जातेस?”

“कुठे जाणार? इथेच असते. पाणी उकळायची वाट बघत.”

“कुठलं पाणी?”

“तिसऱ्या फेरीचं,” ती म्हणाली, आणि चढावर दम लागला म्हणून थांबली. साधंच थांबली.

६

आमची लेक येवुबदार त्यानंतर झाली. सुखाचे दिवस होते, खोटं कशाला बोलू? अस्काले थिजायची, परत यायची. घराला सवय झाली. पाहुणे आले तर मी म्हणायचो, “थांबा, बाईसाहेब जरा गावाला गेल्यात,” आणि पाहुणे हसून वाट बघायचे. परतली की ती विचारायची, “माझ्यामागे काय काय बोललात ते सांगा.” तिच्या पायाशी बसून दुपारच्या दुपारी काढल्या मी. दुकान दुसऱ्याने बघितलं. त्या दुपारी परत द्या म्हटलं तर मी सगळं दुकान देईन.

एकदा परतल्यावर ती म्हणाली, “बिराटूदादा गेले हो. तिसरा पेला घेतला, आशीर्वाद दिला आणि उठले.”

मी हातातला पेला खाली ठेवला.

“फार हसवलं. म्हणाले, अमेर्गाची पेटी एवढी जड, की आत माणूस झोपलाय.”

मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही. नंतर मी मनाशी घोळवत बसलो. ती तापात असताना मी तिच्यापाशी बरळलो असेन. झोपेत बोललो असेन. दादाने मरण्यापूर्वी त्याच्या बायकोला सांगितलं असेल, तिने हिला. असेन, असेल, असेल.

तीन वर्षांनी आजी गेल्या. “मीठ बरोबर आहे म्हणाल्या,” अस्काले डोळे पुसत म्हणाली. “चक्क बरोबर म्हणाल्या!” आणखी तीन वर्षांनी मुलू. त्या वेळी ती सूर्य कलेपर्यंत थिजली होती. परतली तेव्हा हुंदके देत होती आणि तिच्या मांडीवर जवाचे दाणे होते. घरात त्या दिवशी जव भाजलेलं नव्हतं. येवुबदार बाहेरून घेऊन आली असेल, असं मी म्हटलं. येवुबदारला मी विचारलं नाही.

मुलू गेल्यावर दोन वर्षं अस्काले एकदाही थिजली नाही. एकटी हिंडायला लागली, बाजारात यायला लागली. दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगायची, “यांचं ऐकू नका, मला आवडतो तो पेला घ्या.” विक्री दुप्पट. मी म्हटलं, संपलं सगळं.

मग एका सकाळी जबना तिरकी झाली आणि हात थांबला. या खेपेला ती माझ्या डावीकडे बघत नव्हती, सरळ माझ्याकडे बघत होती. परतल्यावर तिने विचारलं, “घेता का?”

“काय?”

“तुमचा पेला. ठेवला होतात ना? आता तेवढाच राहिलाय.”

तिच्यासमोरच्या तबकात आमचे रोजचे पिवळे पेले होते, माझ्याच दुकानातले. त्यांच्यामध्ये एक निळ्या कडेचा होता. मी तो पाहिला, तेवढ्यात येवुबदारने तबक उचललं आणि धुवायला नेलं. मी मागे धावलो. तबकात सगळे पिवळे.

तेव्हा माझ्या व्यापारी डोक्याने हिशोब मांडला. ज्याने पेला घेतला, तो गेला. शेवटचा पाहुणा गेला की ओतणारी तिथे कशाला बसेल, आणि परत तरी कशाला येईल? पण जोवर माझा पेला बाकी आहे, तोवर तिला मला विचारायला परत यावं लागेल.

“ठेव गं,” मी म्हटलं. “येऊन घेतो.”

तिने मान हलवली. त्या दिवसापासून दर वेळी तिने विचारलं, “घेता का?” आणि दर वेळी मी तेच उत्तर दिलं. तीस वर्षं. पोरीचं लग्न ठरवताना, दुकान वाढवताना, एवढा पक्का सौदा मी कोणाशी केला नाही. पण तिचे केस पांढरे झाले, आणि विचारताना तिचा आवाज दर वर्षी थोडा थोडा थकत गेला. ते मला दिसत होतं. मी बघत नव्हतो.

७

या वर्षी हिदारच्या दहा तारखेला ती थिजली, ती परत आलीच नाही. अकराला नाही. बाराला सकाळी बाहेर ढीग पेटले, धूर दारातून आत येऊ लागला, तरी नाही. हात पुढे, जबना तिरकी. ओठ सुकून फाटलेले. येवुबदारने चमच्याने पाणी दिलं, ते हनुवटीवरून ओघळलं. जबना सोडवायला गेली तर बोटं उघडेनात. नवा तरुण डॉक्टर येऊन गेला. “आजोबा,” तो म्हणाला, “हात मोडेल, ओढू नका. असं फार दिवस चालणार नाही.”

येवुबदार ओसरीवर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. धुराने की रडून, डोळे लाल.

“बाबा, ती तीस वर्षं तुम्हाला एक पेला देतेय. एक! सगळ्या जगाला बडबडून माल विकता, आणि तिच्या हातून एक पेला घेववत नाही तुम्हाला?”

“तुला माहीत नाही पोरी.”

“मला एवढंच माहीत आहे की तिचा हात दुखतोय.”

 ती मला हवी, एवढाच विचार मी तीस वर्षं केला होता. हात दुखत असेल, हे माझ्या हिशोबात कधी आलंच नाही.

“ताजं गवत आण,” मी म्हटलं.

८

मी आत गेलो आणि माझ्या जागी बसलो. शेगडी तीन दिवस विझलेली. येवुबदारने गवत पसरलं आणि ती बाहेर गेली. दाराबाहेर धूर पांढरा, दाट. कोवळं ऊन त्यात अडकलेलं.

अस्काले माझ्याकडे बघत होती.

“घेतो,” मी म्हटलं. “दे.”

काही झालं नाही. मी स्वतःलाच हसलो. म्हातारा खुळावला. मग वास आला. ओलं गवत, लोबान, भाजलेल्या बिया, आणि तो चौथा. लोबान आम्ही लावला नव्हता. मी खाली पाहिलं. नुकतंच पसरलेलं गवत तीन ठिकाणी दबलेलं होतं. माझ्या डावीकडे, दाराशी, आणि भिंतीलगत. भिंतीला टेकून तिरुये आजी बसायच्या. पाहुणे उठून गेल्यावर गवत जसं हळूहळू वर येतं, तसं ते वर येत होतं.

माझ्या तळहातावर काहीतरी होतं. मी कधी उचललं, आठवत नाही. बघायचं धाडस झालं नाही. डोळे मिटले आणि नखाने टिचकी मारली.

टक्.

माझ्या हाताने फोडलेला पेला मी ओळखणार नाही का?

जबनेतून पाण्याचा आवाज येऊ लागला. आणि तेवढ्यात फाटकातून, धुराच्या पलीकडून, हाक आली. खोकत खोकत.

“अमेर्गा! पेटी आली!”

माझे गुडघे आपोआप हलले. चाळीस वर्षांनीसुद्धा ते उठू पाहत होते. मी डाव्या हाताने गवत मुठीत धरलं.

“अमेर्गा! अरे पेटी!” आता आवाज ओसरीवर.

“अहो, पाणी चढलंय,” अस्काले म्हणाली. आवाज बावीस वर्षांचा. मी डोळे उघडले नाहीत, याचं मला अजून दुःख होतं, आणि बरंही वाटतं.

“बसलोय,” मी म्हटलं. “ओत.”

पेला जड झाला. कॉफी गरम होती, फिकी होती. मीठ बरोबर होतं. मी एक घोट घेतला.

९

येवुबदार सांगते, मी आत गेलो तेव्हा सकाळ होती. तिने मला चार हाका मारल्या, खांदा हलवला. मी ओठांशी रिकामी मूठ धरून बसलो होतो, आणि डोळे मिटलेले होते. मी हललो तेव्हा धूर खाली बसला होता आणि ऊन भिंतीवर चढलं होतं. माझ्यासाठी तो एक घोट होता.

जबना बुडाखालच्या गवती कड्यावर नीट सरळ ठेवलेली होती. अस्कालेचे दोन्ही हात मांडीवर होते, बोटं सैल. ती गेली होती. चेहरा असा, की पाहुण्यांना वाटेला लावून बाई जरा टेकली आहे.

तरुण डॉक्टरने माझेही डोळे पाहिले, गुडघा ठोकला. त्या वर्षी तुम्हालाही ताप आला होता का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, थोडा खोकला होता. त्याने काहीतरी लिहून घेतलं. त्याचं बरोबर असेल.

आता दुपारी कॉफी येवुबदार करते. मी तिन्ही पेले घेतो. तिसऱ्याला कधी कधी हात ओठांपर्यंत येऊन थांबतो, आणि ती म्हणते की मी बराच वेळ तसाच बसतो. मला काही कळत नाही. मला फक्त तो वास येतो, आणि फाटकातून कोणीतरी खोकत माझं नाव घेतं. हाक रोज थोडी जवळून येते. काल ती उंबऱ्यावरून आली.

पेटी आली असेल. असू दे तिथेच. पाणी चढलंय.